ताटातली वजाबाकी

फिनलंडच्या नैर्ऋत्य भागात १९८५ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ पुरुष, सगळेच धूम्रपान करणारे, रोज गोळ्या घेऊ लागले. काहींच्या गोळीत २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होते, काहींच्या गोळीत ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही मिळत होते आणि उरलेल्यांच्या गोळीत यांपैकी काहीच नव्हते. कोणाला काय मिळते आहे, हे ना घेणाऱ्याला ठाऊक होते, ना देणाऱ्याला. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला, लाल भोपळ्याला, पिकल्या आंब्याला रंग देणारे द्रव्य. ज्यांच्या जेवणात ते भरपूर असते त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे कित्येक पाहण्यांमधून दिसले होते. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हाच प्रश्न मांडला होता: या एका द्रव्याने माणसांमधला कर्करोग लक्षणीय प्रमाणात कमी करता येईल का?

उत्तर १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त. संशोधक चक्रावून गेले, कारण निकाल नुसता निराशाजनक नव्हता, तो उलटा होता. हा योगायोग असेल, अशी आशा काहींना होती. तिकडे अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे मजूर अशा १८,३१४ जणांवर असाच प्रयोग चालू होता. त्यांना बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरलेल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीच थांबवावा लागला. फुप्फुसाचा कर्करोग तिथे २८ टक्क्यांनी वाढला होता, मृत्यू १७ टक्क्यांनी.

फिनलंडच्या नोंदींमधली एक बाब फार बोलकी आहे. प्रयोग सुरू होण्याआधी ज्यांच्या जेवणात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांच्यात पुढे कर्करोग कमीच दिसला. म्हणजे जुनी निरीक्षणे खोटी नव्हती. भाज्या-फळे खाणारा माणूस खरोखरच कमी आजारी पडत होता. पण त्याचे श्रेय त्या एका द्रव्याला देऊन ते वेगळे काढले, गोळीत भरले आणि रक्तातले त्याचे प्रमाण पंधरा पटींहून अधिक वाढवले, तेव्हा हाती नुकसान आले. आहार आणि कर्करोग यांवर जगभरातले पुरावे तपासणाऱ्या ‘वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड’च्या २०१८ च्या अहवालात धूम्रपान करणाऱ्यांसाठी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहेत, आणि कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्या घेऊ नका, अशी त्या अहवालाची सरळ शिफारस आहे.

ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचीही हीच गत झाली. प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोतल्या ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये थांबला. २०११ पर्यंतच्या पाठपुराव्यात नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

यातले पहिले निकाल छापून तीस वर्षे झाली. तरीही औषधाच्या दुकानातली गोळ्यांची फळी लांबतच चालली आहे, आणि मोबाइलवर रोज सकाळी कर्करोग पळवणारे एखादे नवे फळ, बी किंवा काढा येऊन पडतो. महाराष्ट्रात यात हळदीचा मान पहिला. हळदीशी आपले नाते जुने आहे आणि त्यात अभिमानाचा भागही आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते लढून १९९७ मध्ये रद्द करवले. ती लढाई योग्यच होती. पण ती जखमेबद्दल होती, कर्करोगाबद्दल नव्हती. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत हजारो निबंध लिहिले गेले. माणसाच्या रक्तात मात्र ते जेमतेम उतरते आणि लवकर मोडते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकाने या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शंभरावर चाचण्या होऊनही नीट तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झाल्याचे आढळले नाही. उलट इटली आणि अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद झाली आहे. आमटीतली चिमूटभर हळद निर्धोक आहे. पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे, आणि आजाराच्या भीतीने ती विकत घेणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

भर घालून कधीच फायदा होत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. चीनमधल्या हनान प्रांतातल्या लिनशियान भागात अन्ननलिकेचा आणि जठराचा कर्करोग भयंकर होता आणि लोकांच्या जेवणात जीवनसत्त्वांचा दुष्काळ होता. तिथे सुमारे ३० हजार लोकांवरच्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र मिळालेल्यांमध्ये कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. उणीव होती, ती भरली, फायदा झाला. पोट भरलेल्या माणसाला तीच गोळी काही देत नाही, कधी कधी हिरावूनच घेते. अन्नातल्या तंतूंचेही असेच दुहेरी चित्र आहे. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने १९७१ मध्ये आतड्याचा कर्करोग आणि कोंडा-चोथा असलेले जेवण यांचा संबंध मांडला. कोंड्याची पूड देऊन काही वर्षांत आतड्यातल्या गाठी कमी होतात का, हे पाहणारा प्रयोग २००० मध्ये फसला. पण युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीत तंतुमय अन्न खाणाऱ्यांना आतड्याचा कर्करोग कमी होतो, हे २००३ मध्ये दिसले आणि पुढच्या पुराव्यांनी ते टिकवले. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांच्या बाजूने एवढे बोलायला जागा आहे.

पण कर्करोगाच्या आहारसंशोधनातला सगळ्यात भक्कम भाग हा ताटात काय वाढावे याचा नाही. ताटातून काय काढावे याचा आहे. आणि नेमक्या त्याच भागाबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोलले जाते.

यांगत्से नदीच्या मुखाशी असलेल्या चिदोंग भागाची हकीकत यासाठी वाचायला हवी. तिथे यकृताच्या कर्करोगाने तरणीताठी माणसे जात. हेपॅटायटिस बी हे एक कारण होते. दुसरे होते मक्याला लागणारी बुरशी. दमट हवेत साठवलेल्या मक्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. शांघायमध्ये झालेल्या अभ्यासात हा विषाणू आणि हे विष ज्यांच्यात एकत्र सापडले, त्यांचा यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट निघाला. १९८० च्या दशकात चीनची धान्य-धोरणे बदलली, बाजार मोकळा झाला आणि चिदोंगची माणसे मक्याऐवजी भात खाऊ लागली. कोणी औषध दिले नाही, कोणी मोहीम काढली नाही. संशोधकांनी अनेक वर्षांचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने नंतर तपासले, तेव्हा १९८९ मध्ये सर्रास सापडणाऱ्या या विषाच्या खुणा २००९ मध्ये बहुतेकांच्या रक्तात मोजण्याइतक्याही उरल्या नव्हत्या. यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू १९६० ते १९८० च्या दशकांत जन्मलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिक घटले, आणि ही सगळी माणसे नवजात बाळांना सरसकट लस मिळू लागण्यापूर्वी जन्मलेली होती. ताटातली एक वस्तू बदलली आणि एक कर्करोग हटला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे शोधूनही सापडायचे नाही.

या विषाशी भारताची ओळख त्याहून जुनी आणि क्रूर आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरे काही नव्हते. कावीळ आणि पोटात पाणी झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. त्याच घरांतले उष्टे खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी याचे कारण शोधून काढले. तो झटका होता. रोज थोडे थोडे पोटात गेले तर हेच विष वर्षानुवर्षांनी कर्करोग करते.

महाराष्ट्राने हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट कशात नसते? उपासाच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, सोलापुरी चटणीत. आणि हे विष मुळात सापडले तेच शेंगदाण्यात: १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीवर पोसलेले एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा. भाजल्याने ते थोडे कमी होते, संपत नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या शेंगा नीट न वाळवता पोत्यांत भरल्या की ते वाढते. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत पुढे प्रक्रिया होणाऱ्या शेंगदाण्यासाठी किलोला १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. निर्यातीच्या मालाची तपासणी होते, कारण परदेशी ग्राहक माल परत पाठवतो. गावातल्या दुकानात स्वस्तात मिळणारे फुटके, काळपट, खवट दाणे कोण तपासतो? ते निवडून बाजूला काढलेले दाणे जातात कुठे? बहुधा ज्याला चांगले दाणे परवडत नाहीत, त्याच्याच घरी. कर्करोग टाळण्यासाठी सरकारला खरोखर पैसा खर्च करायचा असेल, तर बाजार समित्यांमध्ये ओलावा मोजण्याची आणि माल वाळवण्याची सोय, आणि स्वस्त तपासणी संच, हा त्याचा सगळ्यात सार्थ खर्च आहे.

दारूबद्दल वाद घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवली. शरीरात तिचे ॲसिटाल्डिहाइड होते, मग पेला वाइनचा असो की देशीचा. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. द्राक्ष बागायतदारांचे हित, संस्कृती, वाइन म्हणजे दारू की नाही, यांवर रकानेच्या रकाने भरले. अन्ननलिका, यकृत आणि स्तनाचा कर्करोग हे शब्द त्या वादात जवळजवळ ऐकूच आले नाहीत. वाढत्या वजनाचेही तसेच: तेरा प्रकारच्या कर्करोगांशी त्याचा संबंध २०१६ मध्ये स्पष्ट झाला, पण वजनाकडे अजून दिसण्याचा प्रश्न म्हणूनच पाहिले जाते.

आणि मग सुपारी.

या संपूर्ण विषयात महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि त्याकडे पाहायला आपण सगळ्यात नाखूश आहोत. १९८५ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने तंबाखूसह खाल्लेले पान कर्करोगकारक ठरवले. तंबाखूशिवायच्या पानाबद्दल पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. मग तैवानमधून अभ्यास आले. तिथे सुपारी तंबाखूशिवायच चघळतात आणि तरीही तोंडाचा कर्करोग बोकाळला होता. २००४ च्या अहवालात संशय संपला: सुपारी स्वतःच, तंबाखू असो वा नसो, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेली. त्याच वर्षी, वेगळ्या कायदेशीर मुद्द्यावर, महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नवा अन्नसुरक्षा कायदा आल्यावर २०१२ मध्ये बंदी परतली, आणि पुढच्या वर्षी सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही तिच्या कक्षेत आले. कागदावर. विदर्भात कुठल्याही पानटपरीवर आजही सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून खर्रा मिळतो.

साध्या, सुट्या सुपारीचे काय? अन्नाच्या नियमांत ती अन्न आहे. तिच्यावर बुरशीचे विष किती चालेल, याचीही मर्यादा त्या नियमांत दिली आहे, किलोला १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे सुपारीवरचे कर्करोगकारक मोजायचे आणि खुद्द सुपारी जेवणानंतर तबकात ठेवायची, अशी आपली व्यवस्था आहे. हे विसंगत आहे आणि यात माणसे मरत आहेत. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतले मऊ अस्तर घट्ट, तंतुमय होत जाते, तोंड उघडेनासे होते, घास जाईनासा होतो. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. भावनगर जिल्ह्यात १९६७ च्या पाहणीत हजारात दोघांनाही हा विकार नव्हता. १९९३-९४ मध्ये, माव्याचा प्रसार झाल्यावर, तपासलेल्या पुरुषांपैकी शंभरात तिघांना तो निघाला, आणि त्यांतले बहुतेक तरुण होते. २०२२ या एका वर्षात भारतातले तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ८३ हजार रुग्ण हे तंबाखू चघळण्यामुळे किंवा सुपारीमुळे झाले, असा अंदाज २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ने प्रसिद्ध केला. जगात या कारणांमुळे झालेले रुग्ण मोजले तर त्यांतले दोन-तृतीयांशांहून अधिक आपल्या देशातले आहेत.

इथे भर आणि वजाबाकी यांची थेट तुलना भारतातच झालेली आहे. केरळमध्ये पान-तंबाखू चघळणाऱ्या मच्छीमारांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर वर्षभर अ जीवनसत्त्व किंवा बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले. चट्टे खरोखर गेले. अ जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे पूर्ण गेले. पण औषध थांबताच अनेकांचे परत आले. दुसरीकडे, डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांच्या मुंबईतल्या चमूने आधी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली होती. त्या निष्कर्षांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर याच चमूने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघरी जाऊन, चित्रपट दाखवून, समोर बसून सवय सोडायला सांगितले. ज्यांनी सोडली किंवा कमी केली, त्यांच्यात नवे चट्टे पडण्याचे प्रमाण घटले. कसलीही गोळी नव्हती. वर्षानुवर्षे त्याच घरांत परत जाणारी माणसे होती.

पूजेतल्या सुपारीला कोणी हात लावायला सांगत नाही; ती खाल्ली जात नाही. प्रश्न अडकित्त्याखाली जाणाऱ्या सुपारीचा, लहान मुलांना मिळणाऱ्या गोड सुपारीच्या पुड्यांचा आणि जेवणावळीत पाहुण्यासमोर आदराने सरकवल्या जाणाऱ्या तबकाचा आहे. प्रश्न श्रीवर्धनच्या बागायतदाराचाही आहे, ज्याने झाड फळाला येण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्याला खलनायक ठरवणे चुकीचे आणि निष्फळ. तैवानने शेतकऱ्यांना सुपारीची झाडे काढून दुसरी पिके लावायला अनुदान दिले, तोंडाची तपासणी गावोगावी नेली, आणि २००७ मध्ये सतरा टक्के पुरुष सुपारी खात होते ते प्रमाण २०१८ पर्यंत सहा-सात टक्क्यांवर आणले.

महाराष्ट्राकडे याची साधने आहेत. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावांत जाऊन बोलतात. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ तंबाखू आणि दारूवर गावसभांमधून काम करते आहे. या कामाला सुपारीची जोड द्यायची, सुट्या सुपारीच्या विक्रीलाही कर्करोगाचा स्पष्ट इशारा बंधनकारक करायचा, शाळेभोवती तिची विक्री तंबाखूप्रमाणेच थांबवायची, आणि कोकणातल्या बागायतदाराला मसाल्याच्या किंवा फळांच्या पिकांकडे वळताना मधल्या वर्षांचे पैसे द्यायचे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.